दानम्माताईंची निवड

दानम्मा शेटे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते बीडला, आमच्या बँकेच्या मुख्य कार्यालयात. मी नुकतीच नोकरीला लागले होते आणि मला त्यांच्या हाताखाली आस्थापना विभागात दिलं होतं. कर्मचाऱ्यांच्या रजा, बदल्या, बढत्या, प्रशिक्षण हे सगळं त्या विभागाकडं. मी गेले तेव्हा त्या एका शिपायाच्या रजेचा अर्ज वाचत होत्या. अर्ज दोन ओळींचा, पण त्या तो सावकाश वाचत होत्या. मग मान वर करून त्यांनी त्याला विचारलं, "आईला औरंगाबादच्या दवाखान्यात नेतो म्हणतोस, अन् एकच दिवस कावून मागतोस? जायला यायलाच दिवस मोडतो. दोन घे."

शिपाई गेल्यावर मला म्हणाल्या, "बस. इथं काम कागदाचं दिसतं, पण ते माणसांचं आहे. एवढं ध्यानात ठेवलंस तर बाकीचं येईल."

बँकेचं नाव मी सांगत नाही. जिल्ह्यातली एक नागरी सहकारी बँक, तालुक्याच्या गावांना शाखा असलेली. जे झालं ते त्या काळात दुसऱ्या कुठल्याही बँकेत झालं असतं.

ताई मूळच्या दिंद्रुडच्या. वडील धोंडप्पा यांचं तिथं किराणा-भुसाराचं दुकान होतं. लिंगायत व्यापाऱ्याचं घर, सकाळी इष्टलिंगाची पूजा होऊन कपाळाला विभूती लागल्याशिवाय दुकानाची फळी निघत नसे. मुलींनी दुकानात बसायचं नाही असा रिवाज होता. पण धोंडप्पांची नजर अधू झाली, भाऊ लहान होते, आणि गल्ल्यावर दानम्मा बसू लागली. गिऱ्हाईक काय मागतंय यापेक्षा त्याला काय लागणार आहे हे ओळखायची सवय तिथंच लागली, असं त्या सांगायच्या. पुढं बीडला मावशीकडं राहून त्यांनी बी. कॉम. केलं आणि १९९१ साली आमच्या बँकेच्या केज शाखेत कारकून म्हणून लागल्या.

केज शाखेत त्याआधी बाई कधी नव्हती. लोक वाईट नव्हते, पण तिच्याशी बोलायचं कसं हेच कुणाला कळेना. काम सांगायचं झालं तर शिपायाकरवी सांगत. एकटे राधाकिशनभाऊ, शाखेतले जुने कारकून, खुर्ची ओढून शेजारी बसले. ते केजजवळच्या एका वस्तीवरचे, शेतकरी घरातले. वयानं पंधरा वर्षांनी मोठे. आवाज दमदार, हात जड. त्यांनी ताईंना सही पडताळायला शिकवलं, टोकन द्यायला शिकवलं, आणि गिऱ्हाईक चिडलं की त्याला पाणी विचारायचं हेही शिकवलं.

पहिल्याच महिन्यात ताईंकडून मोठी चूक झाली. एकाच नावाच्या दोन खातेदारांत एकाची नोंद दुसऱ्याच्या खात्यावर पडली. ध्यानात आलं तेव्हा त्या उघड्या खातेवहीपुढं डोळ्यांना रुमाल लावून बसल्या. राधाकिशनभाऊंनी पाहिलं आणि म्हणाले, "ताई, रडायचं आसंल तर घरी जाऊन रडा. हितं आदी दुरुस्त करायचं." दोघांनी मिळून दुरुस्ती केली. मॅनेजरसमोर उभं राहिल्यावर ताईंनी तोंड उघडायच्या आत भाऊ बोलून गेले, "सायेब, आमच्या हातून चूक झाली."

"आमच्या म्हणाले," ताई मला सांगत होत्या. "चूक माझी एकटीची. त्यांचा त्यात काही संबंध नव्हता."

नंतर ताईंचं लग्न झालं. यजमान सिद्धाराम यांचं बीडला शाळेची पुस्तकं आणि वह्या-पेनांचं दुकान. ताईंची बदली मुख्य कार्यालयात झाली, परीक्षा देत देत त्या अधिकारी झाल्या. राधाकिशनभाऊ केजलाच राहिले. त्यांना बढती नको होती, कारण बढतीबरोबर बदली येते आणि वस्तीवरची शेती सुटते.

त्याच काळात बाहेरचं जग बदलत गेलं. बीडला खाजगी बँका आल्या. काचेची दारं, आत गारवा, बाहेर पैसे देणारं यंत्र. आमच्या बँकेच्या ठेवीदारांची तरुण मुलं तिकडं जाऊ लागली. शेवटी २००८ च्या सुमारास संचालक मंडळानं ठरवलं की आपल्याही सगळ्या शाखा संगणकानं एकमेकींना जोडायच्या. खातं केजला असलं तरी व्यवहार बीडला करता आला पाहिजे. त्यासाठी प्रत्येक कर्मचाऱ्याला शिकवणं भाग होतं. सगळ्यांना पुण्याला पाठवलं तर शाखा उघडणार कोण? तेव्हा मोहनरावांनी तोड काढली. मोहनराव आमचे सरव्यवस्थापक, पुढचं पाहणारा माणूस. ते म्हणाले, "आता इंटरनेटवर शिकवणाऱ्या कंपन्या निघाल्यात. माणूस आपल्या जागेवर बसून शिकतो. शेटेबाई, तीन कंपन्यांनी महिनाभर वापरून बघायला दिलंय. तुम्ही तुलना करा आणि कोणती घ्यायची ते लिहून द्या. तुमच्या शब्दावर मंडळ निर्णय घेईल."

ताईंच्या शब्दावर मंडळ निर्णय घेणार असं पहिल्यांदाच घडत होतं. त्या रात्रंदिवस त्याच कामात असायच्या. तिन्ही कंपन्यांचा एकच धडा त्या पुन्हा पुन्हा बघत. नवीन खातं कसं उघडायचं, हा तो धडा.

बंगळूरच्या कंपनीचं सगळं इंग्रजीत होतं. चित्रं देखणी. टाय लावलेला एक माणूस हसत हसत गिऱ्हाइकाशी हस्तांदोलन करायचा. ताई म्हणाल्या, "आपल्याकडं असं गिऱ्हाईक कधी आलंय का?" ती कंपनी तिथंच मागं पडली.

दुसरी पुण्याची. तिचं मराठीत होतं. बाईचा आवाज रेडिओवरच्या बातम्यांसारखा स्वच्छ. प्रत्येक धड्याच्या शेवटी परीक्षा, वर कोपऱ्यात उलटं धावणारं घड्याळ. तीन वेळा नापास झालं की तो धडा बंद. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, आस्थापना विभागाला संगणकावर स्वतःचं एक पान मिळायचं. त्यावर प्रत्येक कर्मचाऱ्याचं नाव, तो किती वेळ बसला, कोणता प्रश्न चुकला, गुण किती, सारं दिसायचं.

तिसरी औरंगाबादच्या दोन इंजिनिअर पोरांची. दिसायला अगदी साधी. निळ्या पाटीवर मोठी पांढरी अक्षरं, आणि त्यातल्याच एका पोराचा आवाज, "आता खातेदार तुमच्यापुढं आला हाय असं समजा." आम्ही तरुण पोरं-पोरी तो आवाज ऐकून हसायचो. त्यात घड्याळ नव्हतं. किती वेळा मागं गेलं तरी चालायचं. इंटरनेट नसलं तर तेच धडे सीडीवर भरून द्यायला ते तयार होते. पण त्यात नोंद कशाचीच राहत नव्हती. कोण शिकलं, कोण नाही, काही कळायचं नाही.

ताईंनी आम्हा पाच-सहा नव्या लोकांना तिन्ही वापरायला लावलं. मुख्य कार्यालयात जनरेटर होता, नेट चांगलं होतं. आम्हाला पुण्याचं आवडलं. ताईंनाही तेच पटलं, पण त्यांचं कारण वेगळं होतं. त्या मला म्हणाल्या होत्या, "कोण मागं पडतंय ते दिसलं तर त्याला हात देता येईल. औरंगाबादच्या पोरांचं चांगलं आहे, पण त्यात मागं राहिलेला माणूस दिसतच नाही." अहवालात त्यांनी हेच लिहिलं. मंडळानं एकमतानं पुण्याची कंपनी घेतली. मोहनरावांनी सभेत ताईंचं नाव घेऊन कौतुक केलं. त्या दिवशी ताईंनी आम्हाला पेढे आणले.

शाखांमध्ये शिकणं सुरू झालं. सुरुवातीला ताई रोज ते पान उघडून बघत. कुणाचे गुण कमी दिसले की त्याला फोन करत. पण तेवढ्यात बढत्यांचं काम आलं, मग ऑडिट आलं, आणि पान उघडणं मागं पडलं. ते पान आता मोहनरावांच्या टेबलावर उघडं असायचं.

हिवाळ्याच्या शेवटी मोहनरावांनी ताईंना बोलावलं. त्यांच्यासमोर सगळ्या कर्मचाऱ्यांचे गुण छापून ठेवलेले होते. म्हणाले, "बाई, तुमच्या निवडीमुळं चित्र स्पष्ट झालं. आता माणसं कमी लागणार आहेत. जे नापास आहेत त्यांना स्वेच्छानिवृत्ती देऊ. सन्मानानं, नियमाप्रमाणं. केजच्या राधाकिशनना तुम्हीच समजावा, तुमच्या ओळखीचे आहेत."

ताईंनी कागद पाहिला. राधाकिशनभाऊंचं नाव सगळ्यात खाली होतं.

"साहेब, हे मी यासाठी सुचवलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"तुम्ही कशासाठी सुचवलं त्यानं काय फरक पडतो? माहिती खरी आहे ना?"

ताईंनी मुदत मागितली. राधाकिशनभाऊंना मी स्वतः शिकवते, आणखी एक संधी द्या, म्हणाल्या. मोहनराव दगडाचे नव्हते. त्यांनी मार्चअखेरपर्यंत वेळ दिला आणि एकदा परीक्षा द्यायची परवानगी दिली.

पुढच्याच रविवारी ताई सकाळच्या एसटीनं मांजरसुंबा, नेकनूर करत केजला गेल्या. राधाकिशनभाऊ शाखा उघडून बसले होते. त्यांनी ताईंना नमस्कार केला, खुर्ची पुसून दिली, पण पूर्वीसारखं हसले नाहीत. संगणक सुरू झाला, बाईचा आवाज आला, भाऊ चष्मा सावरून पुढं वाकले. परीक्षेचा सराव सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल नसेल, लाईट गेली. शाखेचा इन्व्हर्टर काउंटरवरच्या एका यंत्रापुरता होता, नेटचा डबा त्यावर चालत नव्हता. संगणकाच्या पाटीवर अक्षरं आली की संपर्क तुटला.

"आता?" ताईंनी विचारलं.

"आता काय. लाईट आली का मग पयल्यापासून. सरावाचं ठीक हाय. परीक्षेच्या टायमाला गेली तर ती येळ नापासात धरत्यात. माज्या दोन तशाच गेल्या."

"मग मला फोन का नाही केलात?"

"कुणाकुणाची लाईट गेली म्हनून तुमाला फोन करायचा, ताई? ही तर रोजचीच गोष्ट हाय." मग ते म्हणाले, "तिसऱ्या येळेला लाईट गेली न्हाई. तवा मी माज्या करनीनं नापास झालो. लई पळतं ते घड्याळ. मी वाचूस्तोवर निम्मं सरतं."

लाईट दुपार उलटली तरी आली नाही. ताई शिकवायला गेल्या होत्या आणि नुसत्या बसून परत आल्या.

मग त्यांच्या मनात आलं, आपण अधिकारी, आपल्यासमोर भाऊंना अवघडल्यासारखं होत असेल. त्यांच्या बरोबरीचा कुणी शिकवायला मिळाला तर? छापील कागदावर सगळ्यात वर माजलगाव शाखेच्या बबनरावांचं नाव होतं. बबनराव राधाकिशनभाऊंच्याच वयाचे, दोघं एकाच साली लागलेले, एकमेकांचे मित्र. ताई माजलगावला गेल्या. बबनरावांना म्हणाल्या, "चार रविवार केजला या. भाऊंना शिकवा. तुमचा पहिला नंबर आहे."

बबनरावांनी इकडं तिकडं पाहिलं आणि ताईंना मागच्या दप्तरखोलीत घेऊन गेले. दार लोटलं.

"ताई, मी कुनाला काय शिकवू? मलाच कुठं येतंय."

"म्हणजे?"

"नंबर माज्या पुतन्याचा हाय. माजा न्हाई. घरी कॉम्प्युटर हाय, त्याला पासवर्ड दिला. येका बैठकीत समद्या परीक्षा देऊन मोकळा झाला." बबनराव खाली बघून बोलत होते. "मी येकटा न्हाई ताई. ज्याच्या घरात शिकलेलं पोरगं हाय, तो पास. निम्म्या शाखांत हेच झालंय. घरात खानारी तोंडं धा अन् मिळवता मी येकटा. भ्यालो."

ताईंनी गुणांचा छापील कागद घडी करून पिशवीत ठेवला.

बबनराव पुढं म्हणाले, "राधाकिशनलाबी फोन केलता मी. म्हनलं, तुजा पासवर्ड सांग, पोरगं तुजीबी देऊन टाकील. तो म्हनला, राहू दे. रागावला न्हाई. नुसतं म्हनला, राहू दे."

माजलगावाहून ताई बीडला परत आल्याच नाहीत. तशाच जीपनं तेलगावमार्गे केजला गेल्या आणि राधाकिशनभाऊंच्या वस्तीवर पोचल्या. भाऊ नुकतेच बँकेतून आले होते. त्यांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी, ओसरीवर सतरंजी टाकली, चहा ठेवला.

ताईंनी माजलगावचं सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "मी उद्या साहेबांना सांगते. ज्यांनी फसवलं ते राहणार आणि तुम्ही जाणार, असं नाही होऊ देणार."

भाऊंनी चहाची बशी खाली ठेवली. "किती जनांची नावं सांगनार?"

"मला एकाचंच पक्कं माहीत आहे."

"म्हंजी बबनचं. मग बबन जाईल. अन् तोबी असा न्हाई जायचा. फसवलं म्हनून काढतील, हातात काय बी देनार न्हाईत. मला तरी नियमानं काढत्यात."

"मग तुमचं काय?"

"माज्यापायी बबनच्या पोटावर पाय नगं."

आतून वच्छलाबाई दारात आल्या. त्यांनी पदर नीट केला आणि सरळ ताईंकडं बघून बोलल्या, "ताई, तुमी सांगा सायबाला. ह्यांचं आयकू नका. त्यांची चूल पेटती ठिवायची म्हनून आमची इजवायची का?"

"तू गप बस," भाऊ म्हणाले.

"कावून गप बसू? आयुष्यभर लोकांचंच बगितलं तुमी."

भाऊंनी बशीतला उरलेला चहा संपवला. मग त्यांनी ताईंना विचारलं, "येक इचारू? तीन व्हते म्हनं. त्यातलं हेच कावून निवडलं?"

ताईंनी खरं ते सांगितलं. मागं कोण पडतंय ते दिसावं म्हणून.

"दिसलं की मग," भाऊ म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात कडवटपणा आला. "निवडायच्या आदी येकदा हितं येऊन बसला असता तर."

"नाही आले," ताई म्हणाल्या. "बीडलाच बसून ठरवलं."

वच्छलाबाई आत निघून गेल्या. ताई निघाल्या तेव्हा त्या बाहेर आल्या नाहीत.

मार्चअखेर राधाकिशनभाऊ परीक्षेसाठी बीडला आले. केजच्या लाईटीचा भरवसा नको म्हणून ताईंनीच त्यांना मुख्य कार्यालयात बोलावलं होतं. धुतलेलं धोतर, वर कोट. आमच्या खोलीत त्यांना संगणकापुढं बसवलं. आम्ही सगळे कामात असल्यासारखं दाखवत होतो, पण कुणाचंच लक्ष कामात नव्हतं. भाऊ प्रत्येक प्रश्न ओठ हलवत वाचत. वाचून झाला की क्षणभर डोळे मिटत, मग माऊस धरून बाण हळूहळू उत्तरापाशी नेत. बाण निसटायचा, ते पुन्हा न्यायचे. ताई खिडकीपाशी उभ्या होत्या, पाठ करून. शेवटी घड्याळ संपलं आणि पाटी आपोआप बंद झाली. जेवढे सोडवले तेवढे बहुतेक बरोबर होते. पण बरेच प्रश्न उरले होते.

भाऊंनी चष्मा घडी करून खिशात ठेवला. आम्हा पोरांकडं बघून म्हणाले, "चालू द्या तुमचं." आणि निघून गेले.

त्या संध्याकाळी ताईंनी मोहनरावांच्या नावानं एक टिपण लिहिलं. मीच ते टाईप केलं. त्यात त्यांनी लिहिलं की परीक्षेला खरोखर कोण बसलं हे बघणारं कुणी नव्हतं, लाईट गेल्यावर वाया गेलेली वेळही नापासात धरली गेली, म्हणून या गुणांवर कुणालाही काढू नये आणि कुणाला बढतीही देऊ नये. सगळे गुण रद्द करावेत. खाली लिहिलं, "ही निवड माझी होती. ती करताना मी एकाही तालुक्याच्या शाखेत जाऊन पाहिलं नाही. दोष माझा आहे." टाईप करताना माझा हात थांबला. मी म्हटलं, "ताई, शेवटचं वाक्य गाळूया ना." त्या म्हणाल्या, "ते नसेल तर बाकीचं कशाला लिहायचं?"

मोहनरावांनी टिपण वाचलं आणि विचारलं, "परीक्षेला दुसरंच कुणी बसलं म्हणता. कोण? नाव द्या."

"नाव देणार नाही."

"मग ही ऐकीव गोष्ट झाली."

"ऐकीव नाही साहेब. ज्यानं केलं त्यानं स्वतः मला सांगितलंय."

"म्हणजे तुम्ही त्याला पाठीशी घालताय. बाई, हे तुमच्या अंगाशी येईल."

"येऊ द्या," ताई म्हणाल्या.

मंडळाच्या बैठकीत बरीच बोलाचाली झाली म्हणतात. आम्हाला कळलं ते एवढंच की स्वेच्छानिवृत्तीची पुढची पत्रं थांबवली. इथून पुढं परीक्षा शाखेतच, कुणाच्या तरी देखत आणि घड्याळ न लावता घ्यायची असं ठरलं. कितीतरी माणसांच्या नोकऱ्या त्यानं वाचल्या. पण ज्यांनी त्या पत्रावर आधीच सही केली होती त्यांचं काही होऊ शकलं नाही. आणि राधाकिशनभाऊंनी बैठकीच्या आधीच सही केली होती. ताईंनी त्यांना निरोप धाडला होता, चार दिवस थांबा म्हणून. ते थांबले नाहीत. निरोप घेऊन गेलेल्या माणसाला म्हणाले, "रोज त्या खुर्चीत बसून कुनाची वाट बघू?"

ती बातमी आली तेव्हा ताई जेवायच्या सुटीत होत्या. डबा उघडलेला होता. त्यांनी तो तसाच बंद केला.

त्या वर्षी त्यांची बढती त्यांच्याहून कनिष्ठ माणसाला गेली. आस्थापना विभाग काढून घेतला आणि त्यांची बदली केज शाखेत, काउंटरवर झाली. सिद्धाराम त्यांना म्हणाले, "राजीनामा दे. दुकान आपलंच आहे. रोज केज-बीड करून हाडं खिळखिळी होतील." सिद्धाराम मनापासून बोलत होते. ताई म्हणाल्या, "आता सोडलं तर तिथल्या लोकांना शिकवायचं कुणी?"

जायच्या आधी त्यांनी औरंगाबादच्या त्या दोन पोरांना फोन केला. त्यांची कंपनी तोवर बंद पडली होती, एक पोरगा पुण्याला नोकरीला लागला होता. पण सीड्या होत्या. त्यांनी त्या अशाच देऊन टाकल्या. ताई केजला सकाळी लवकर पोचायच्या आणि शाखा उघडायच्या आत शाखेतल्या लोकांना त्या सीड्यांवरून शिकवायच्या. लाईट असो नसो, इन्व्हर्टरवर एक यंत्र चालायचं, तेवढं पुरायचं. कुणाला एकच धडा आठवडाभर लागला तर लागायचा. पुढं शेजारच्या शाखांतले लोकही यायला लागले. बबनरावही आले. मागच्या बाकावर बसायचे, कुणाशी बोलायचे नाहीत, पण शेवटपर्यंत शिकले. रिटायर झाले तेव्हा त्यांचा मोठा सत्कार झाला. ताई त्या सत्काराला गेल्या होत्या. बबनराव भाषणात सगळ्यांचे आभार मानत राहिले, त्या एका गोष्टीबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. ताईंनी हार घातला आणि शेवटची गाडी धरली.

राधाकिशनभाऊ जवळजवळ वर्षभर बँकेत फिरकले नाहीत. पैशाचं काही काम असलं तर पोराला पाठवायचे. मी एकदा ऑफिसच्या कामानं केजला गेले होते, त्याच दिवशी ते आले. रांगेत उभे राहिले. लोक त्यांना पुढं बोलवत होते, "भाऊ, या की पुढं." ते हलले नाहीत. पाळी आली तेव्हा त्यांनी पासबुक ताईंच्या पुढं सरकवलं. "नोंदी घेऊन द्या."

ताईंनी पासबुक घेतलं, नंबर टाकला. भाऊ काउंटरच्या काचेवर हात ठेवून उभे होते. मग हळू आवाजात म्हणाले, "ताई, ते तोंड जरा इकडं फिरवा."

ताईंना आधी कळलं नाही. मग त्यांनी संगणकाची पाटी त्यांच्याकडं वळवली. एकेक गोष्ट बोटानं दाखवत, सावकाश, त्यांच्या बोलीत सांगितली. इथं नंबर टाकायचा, इथं नाव येतं, नाव जुळलं का बघायचं, मग इथं दाबायचं. मागं रांग लांबली होती, पण कुणी घाई केली नाही. भाऊंनी स्वतः एकदा करून पाहिलं. काउंटरच्या अलीकडून हात घालून त्यांनी एक एक आकडा दाबला. पाटीवर त्यांचं नाव आलं.

ते बराच वेळ त्या नावाकडं बघत राहिले.

"येवढंच व्हतं व्हय?"

"एवढंच होतं, भाऊ," ताई म्हणाल्या.

भाऊंनी पासबुक घेतलं, बंडीच्या खिशात ठेवलं आणि निघाले. त्यानंतर मात्र ते अधूनमधून येऊ लागले. रांगेत उभे राहायचे, ताईंशी दोन शब्द बोलायचे, पावसापाण्याचं, पिकाचं. मागच्या गोष्टी दोघांनीही कधी काढल्या नाहीत.

वच्छलाबाई मात्र ताईंशी परत कधी बोलल्या नाहीत. केजच्या बाजारात समोरासमोर आल्या तर त्या दुसऱ्या दुकानाकडं वळायच्या. मी एकदा ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मला वाईट वाटलं आणि मी ताईंना म्हटलं, "तुम्ही एवढं केलंत, बढती घालवलीत, आणि या बाई अजून राग धरून बसल्या आहेत."

ताई भाजीवालीशी घासाघीस करत होत्या. त्यांनी मेथीची जुडी पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, "त्यांचं बरोबर आहे."